अर्ध्या सुतावरून स्वर्ग

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस गाडीत बसलेला नसतानाही ओळखू येतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा म्हणतो, "मठ्ठा छान झालाय." यावर हा सुस्कारा टाकतो, "हो, पण पुढच्या चाकांचा कॅम्बर अजून ठरत नाहीये." शेजारचा सभ्य असला की विचारून बसतो, "किती ठेवायचा विचार आहे?" "उणे अर्धा म्हणतोय. घरचे नको म्हणतात." "का बरं?" "त्यांना त्या पैशात गच्चीचं वॉटरप्रूफिंग हवंय." मुलीचे स्थळ पक्के व्हायला लागत नाही इतका वेळ हा अर्धा अंश पक्का व्हायला लागतो, आणि पक्का झाल्यावर तो पुन्हा मोडतोही. प्रस्तुत लेखकाकडे उघड्या टपाचे वाहन एकच आहे, ते म्हणजे स्कूटर. तिची दोन चाके एकामागे एक असल्यामुळे कॅम्बरचा प्रश्न प्रत्येक वळणावर आपोआप आणि घाबरत घाबरत सुटतो. तेव्हा या वादात त्याचा काडीचा स्वार्थ नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की चाकांचे कोन निवडताना मालकाने गाडीखालचा रस्ता बघावा, डोक्यातला नव्हे. हे इतके उघड आहे की ते आजवर कुणालाही पटलेले नाही, म्हणून सविस्तर मांडावे लागत आहे.

पंथाबाहेरच्या वाचकासाठी आधी तीन कोनांची तोंडओळख. चाक समोरून पाहिले की ते सरळ उभे आहे, डोके बाहेर काढून उभे आहे की आत कलून, हे दिसते. तो कॅम्बर. बाहेर कलले तर अधिक, आत कलले तर उणे. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहिल्यावर किती मागे रेललेला आहे, तो कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तो याच हिशेबाने, आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ येते ती याचीच कृपा. तिसरा टो. वरून पाहिल्यावर पुढची दोन चाके पुढच्या बाजूला किंचित एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, एकमेकांवर रुसलेली असली तर टो-आउट. शर्यतीच्या गाडीला उणे कॅम्बर देतात, कारण जोरात वळताना गाडी बाहेर कलते आणि तिच्याबरोबर बाहेरचे चाकही. आधीच आत झुकवून ठेवलेले चाक त्या क्षणी रस्त्यावर सपाट बसते. म्हणजे हा फायदा पदरात पाडून घ्यायला आधी गाडी तेवढी कलेल इतक्या जोरात वळावे लागते. या अटीकडे पंथातले लोक, बँकेच्या जाहिरातीतल्या तारांकित ओळीकडे आपण करतो तसे, दुर्लक्ष करतात.

पंथात तीन उपपंथ आहेत. पहिला पोथीवाल्यांचा: कंपनीच्या जुन्या पुस्तकात छापले ते ब्रह्मवाक्य. दुसरा शर्यतवाल्यांचा: उणे कॅम्बर, थोडा टो-आउट, गाडी दोन इंच खाली, आणि मग गल्लीतून बाहेर पडायला गावाची परवानगी. तिसरा अनुभूतीवाल्यांचा, ते आकडे मानत नाहीत, "गाडी हाताशी बोलली पाहिजे" म्हणतात, आणि गाडी काय बोलली ते इतरांना तासभर सांगतात. नाशिकमध्ये या तिघांना चौथा उपपंथ येऊन मिळतो, तो तज्ज्ञांचा. या शहराचा दोष तसा नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी इथे घरटी एक वाहनशास्त्री तयार करून ठेवला आहे. महिंद्राच्या गाड्या इथे बनतात, सिएटचे टायर इथे बनतात, ज्या कारखान्याला शहर अजूनही 'मायको' म्हणते तिथे डिझेल इंजिनाचे इंधन फवारणारे सुटे भाग बनतात, आणि ओझरला एचएएलमध्ये तर मिगपासून सुखोईपर्यंत लढाऊ विमाने जुळवली गेली. साहजिकच एखाद्या पोर्चमध्ये जुनी गाडी जॅकवर चढली की फाटकापाशी निवृत्त कौशल्याची सभा भरते. सिएटवाले काका टायर अंगठ्याने दाबून मान हलवतात. मायकोवाल्यांना चाकाशी देणेघेणे नसते, पण इंजिनाच्या आवाजावरून ते चाकाचे निदान करतात. ओझरहून आलेले काका सर्वात शेवटी बोलतात. "मायक्रॉनमध्ये सांगा. अंशबिंश आम्ही मानत नाही." यावर सगळे गप्प होतात, कारण विमानाला टो-इन असतो का, हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

आता प्रत्यक्ष पुरावा बघू. उदाहरणाला एमजी-बी घेऊ, कारण उजव्या हाताच्या स्टेअरिंगमुळे भारतातल्या हौशी लोकांच्या जिवाला ती जवळची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात ती बनली, पाच लाखांहून अधिक. तिच्या पुस्तकात पुढच्या चाकांचे आकडे असे आहेत: कॅम्बर अधिक १ अंश, कास्टर ७ अंश, टो-इन एक सोळांश ते तीन बत्तिसांश इंच. यावर पोथीवाला म्हणतो, अधिक १ म्हणजे अधिक १. शर्यतवाला म्हणतो, तो आकडा जुन्या क्रॉसप्लाय टायरांचा. रेडियल टायर घातल्यावर चाक थोडे उणेच हवे. शर्यतवाल्याचे हे म्हणणे शास्त्राला धरून आहे. अनुभूतीवाला म्हणतो, ७ अंश कास्टरमुळे रेडियलवर स्टेअरिंग जड होते, तो दीड-दोन अंशांनी उतरवा. हेही खरे आहे. अशी पावसाळाभर चर्चा होते, वह्या भरतात, मित्र तुटतात. मग कुणीतरी गाडीखाली जाऊन पाहतो आणि एक माफक सत्य घेऊन बाहेर येतो: या गाडीत कॅम्बर बदलायचा बोल्टच नाही. कास्टर बदलायचाही नाही. अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनी ते दोन्ही कोन घडणीतच कायम करून टाकले आणि मालकाच्या हातात फक्त टो ठेवला. बाकी कोन बदलायचेच असतील तर निराळे बुश, निराळे विशबोन किंवा पुढच्या आडव्या तुळईखाली घालायच्या पाचरी परदेशातून मागवाव्या लागतात, आणि त्या मुंबईच्या कस्टममध्ये पोचल्यावर त्यांची किंमत त्यांच्या वजनाशी फारकत घेते.

हाती उरलेला टो तरी केवढा? एक सोळांश आणि तीन बत्तिसांश यांतले अंतर पाऊण मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीइतके. पण या कार्डाच्या जाडीसाठी माणसे यंत्राकडे जातात. चाकांना आरसे लावून, कॅमेऱ्याने मापून, पडद्यावर लाल-हिरवे पट्टे दाखवणारे ते यंत्र चांगलेच असते. त्याला फक्त सांगावे लागते की गाडी कोणती. इथे घोटाळा होतो. यंत्रावरचा मुलगा गाडीच्या नाकावरचा अष्टकोनी बिल्ला बघतो आणि यादीत 'एमजी' शोधतो. "हेक्टर आहे ना सर?" "अरे, हेक्टर कशी असेल? ही बघ, ही माझ्या कमरेपर्यंत येते." "मग कॉमेट टाकतो. ती पण छोटी आहे." भारतात २०१९ पासून त्याच नावाने आलेल्या गाड्या यादीत ओळीने हजर असतात, आणि मालकाची तरुणपणी स्वप्नात आलेली गाडी मात्र यंत्राच्या स्वप्नातही नसते. शेवटी कोणत्यातरी तिसऱ्याच गाडीचे आकडे लावून पडदा हिरवा करतात. मालकही खूश होतो. त्याला हिरवा पट्टा हवा असतो, तो कुणाच्या गाडीचा आहे याच्याशी त्याला मतलब नसतो. साखरेचा रिपोर्ट नॉर्मल आल्यावर वरचे नाव तपासणारी माणसे आपल्यात किती आहेत, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता रस्ता. उणे कॅम्बर कामाला यायला बाजूचा रेटा लागतो. तो नाशिककराला कुठे मिळणार? पहिले उत्तर येते: कसारा घाट. तर कसाऱ्याचा हिशेब करून पाहू. घाटात तुमच्यापुढे कांद्याचा ट्रक असतो. तुमच्या दैवात असतोच, तो न दिसल्यास पुढच्या वळणावर दिसेल. त्याच्यामागे ताशी २० किलोमीटरने ३० मीटर त्रिज्येचे वळण घेताना बाजूचा रेटा गुरुत्वाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा भरतो. तेवढ्याने गाडी तर सोडाच, डॅशबोर्डवरचा गणपतीही कलत नाही. चाक मात्र उणे कोनात आत झुकून वाट पाहत बसते आणि वाट पाहता पाहता आतल्या कडेने झिजते. दुसरे उत्तर: समृद्धी महामार्ग. २०२५ मध्ये तो इगतपुरीपासून पुढे ठाण्याच्या हद्दीपर्यंत खुला झाला आणि ७०१ किलोमीटर सलग झाले. पण तो रस्ता मुळी सरळ जाण्यासाठी बांधला आहे. ताशी १२० च्या वेगाला शोभतील अशी त्याची वळणे इतकी सैल आहेत की वळण आले हे नकाशा पाहिल्यावर कळते. तिथे उणे कॅम्बर म्हणजे, रामकुंडात घोटाभर पाण्यात उतरताना २०० मीटर खोलीची हमी असलेले घड्याळ बांधून जाणे. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड यांबद्दल तर बोलायलाच नको. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहराचे रस्ते असे खणले गेले आहेत, की टो-इन कोणताही लावा, पहिल्या खड्ड्यानंतर लागू होतो तो खड्ड्याने दिलेला. गतिरोधकाचेही तेच. भारतीय रस्ते परिषदेचे १९८८ चे मानक म्हणते, उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. आपल्याकडे त्यातली उंची श्रद्धेने पाळतात, थोडी जास्तच. रुंदीचा खर्च वाचवतात. गाडी दोन इंच खाली केलेल्या शर्यतवाल्याला असा गतिरोधक आडवा येतो तेव्हा तो तिरका चढतो, उतरून खाली वाकून पाहतो, आणि मागचा रिक्षावाला शांतपणे विचारतो, "शेठ, पार्क करताय का?"

यावर आक्षेप येतो, "गाडी डावीकडे ओढते, त्याचे काय? ते तर खरे आहे ना?" खरे आहे. पण पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात, डांबरी रस्त्याला हा उतार साधारण दोन-अडीच टक्के. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे कुठलीही गाडी किंचित डावीकडे उतरू पाहते. तिला ओढू द्यायचे नसेल तर ती रस्त्याच्या मधोमध चालवावी लागेल, आणि हा उपाय नाशिकमध्ये बऱ्याच जणांनी आधीच अंगीकारला आहे. दुसरा आक्षेप, "कोन चुकले तर टायर खातात हो!" खातात, आणि कॅम्बरपेक्षा टो जास्त खातो. दोन्ही चाके मिळून सहा मिलिमीटरने टो चुकला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे साधारण पाच मीटर आडवे घासत जाते. पण या गाड्यांचे टायर झिजून जातात कुठे? वर्षाकाठी ती चालते किती, हे पोर्चमधल्या मांजराला विचारावे. ते तिच्या बोनेटवर अधिक वेळ असते. या टायरांना मरण येते ते वार्धक्याने. नक्षी नवीकोरी, आणि बगलेत रबराला भेगा. तरी टो नीट हवाच, कारण तो बिघडला की गाडी सरळ रस्त्यावर चाचपडते आणि मालकाला वाटते की ती बोलतेय.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो लेखकाच्या बाजूचा निघतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. अशा गाडीला रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायची मुभा नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती चालवायची. आता नीट विचार करा. रविवारी सकाळी शहराबाहेर मिसळ खायला गाडी काढणे या यादीत नाही. अलाइनमेंट करायला नेणे मात्र देखभालीत चपखल बसते. म्हणजे नियम तंतोतंत पाळणाऱ्या मालकाची गाडी मुख्यतः अलाइनमेंटला जाण्यासाठी चालते, जाताना खड्ड्यांनी तिचे अलाइनमेंट बिघडते, ते दुरुस्त करून ती परत येते, येताना पुन्हा बिघडते आणि त्यामुळे पुढच्या रविवारी बाहेर पडायला कायदेशीर कारण मिळते. नाशिकच्या रस्त्यांनी जुन्या गाड्यांच्या शौकाला जेवढा हातभार लावला तेवढा कोणत्याही क्लबने लावलेला नाही. मिसळ वाटेत लागते, हा निव्वळ भूगोल.

मग करायचे काय? उत्तर इतके स्वस्त आहे की तेच त्याचे वैगुण्य ठरते. आधी टायरातली हवा तपासावी. मग पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते त्या किंगपिनला ग्रीस मारावे; एमजी-बीला ते दर ३,००० मैलांनी मारायला सांगितले आहे, आणि ती वंगणाची तोंडे बहुधा रंगाखाली गाडलेली सापडतात. किंगपिन ढिली आणि बुश फाटलेले असताना घेतलेले कोणतेही माप गाडीचे नसून त्या क्षणाचे असते. गाडी जॅकवरून उतरली की ते इतिहासजमा होते. एवढे झाल्यावर मालकाने स्वतः सीटवर बसावे, कारण साधारण टनभराच्या गाडीत एक सुखवस्तू मालक चढला की उजवी बाजू खाली जाते, आणि कंपनीच्या पुस्तकातला इंग्रज सडपातळ होता. शेवटी टो. त्याला यंत्र मिळाले तर उत्तम, न मिळाले तर अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री शोधावा. हा सल्ला भावनेपोटी दिलेला नाही. अ‍ॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन आणि एमजी-बीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले, तेव्हा या मिस्त्रीला त्या काळचे इंग्रज लोखंड परके नाही. तो मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणतो, स्टीलची पट्टी लावतो, एक डोळा मिटतो. त्याच्या पट्टीत इंचाचे आठ सूत असतात. कंपनीचे ते भारदस्त एक सोळांश ते तीन बत्तिसांश इंच त्याच्या भाषेत अर्धा ते पाऊण सूत. "किती ठेवू?" "अर्धा सूत." तो टाय रॉडचा नट सैल करतो, रॉड थोडा फिरवतो, पुन्हा डोळा मिटतो, नट आवळतो. चहा यायच्या आत काम झालेले असते, आणि मालकाच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचे भाव असतात.

खरी अडचण इथेच आहे, आणि सर्वात वजनदार आक्षेपही. "असे सगळे अर्ध्या सुतात आटोपले तर हौस कशाची? हौसेला मोल नसते." हौसेला मोल नसते हे लेखक आनंदाने मान्य करतो, कस्टमवाले करत नाहीत. पण आपण सगळेच आपल्या न घडणाऱ्या आयुष्याची मापे घेत असतो. अन्नपूर्णेच्या कृपेने दोनच माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या घरात पन्नास पानांची पातेली असतात, आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याच्या पायात एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत नेणारे बूट. कॅम्बरवाला फक्त ते अंशात मोजतो, हा त्याचा प्रामाणिकपणा म्हणायचा. तेव्हा त्याची हौस काढून घ्यावी असे कुणी म्हणत नाही. गाडीला अर्धा सूत द्यावा आणि उणे अर्धा अंश मालकाने स्वतःकडे ठेवावा, पंगतीसाठी. पोथीवाल्यांनी पोथी उघडावी, शर्यतवाल्यांनी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट आणि हेराल्ड कशा पळत ते सांगावे, ओझरच्या काकांनी मायक्रॉन काढावेत. २०२१ च्या नियमात चर्चेसाठी व्हिंटेज गाडी वापरू नये असे कुठेही म्हटलेले नाही. आणि चर्चा कितीही डावीकडे ओढली, तरी तिने टायर झिजत नाहीत.